जे मागितले नाही ते मिळत नाही

2025 च्या मे महिन्यापासून अमेरिकेतल्या अनेक शहरांच्या इमिग्रेशन कोर्टांत एक प्रकार वारंवार घडू लागला. माणूस आपल्या तारखेला हजर होतो. सरकारचा वकील न्यायाधीशांना सांगतो, हा खटला आम्हाला पुढे चालवायचा नाही, काढून टाकावा. न्यायाधीश त्या माणसाला विचारतात, तुमची काही हरकत? दुभाषा प्रश्न समजावून सांगतो. इतके दिवस मानगुटीवर बसलेला खटला सरकार आपणहून मागे घेत असेल तर हरकत कोण घेणार? माणूस आभार मानून बाहेर पडतो आणि कॉरिडॉरमध्ये उभे असलेले अधिकारी त्याला ताब्यात घेतात.

यामागचे गणित त्याला कुणी सांगितलेले नसते. खटला चालू असेपर्यंत न्यायाधीशांसमोर बाजू मांडण्याचा त्याला हक्क होता. खटला संपला की तो हक्कही संपला. देशात येऊन दोन वर्षे न झालेल्या माणसाला ‘एक्स्पेडायटेड रिमूव्हल’ या झटपट प्रक्रियेतून देशाबाहेर काढता येते, ही सरकारची भूमिका. आणि त्या प्रक्रियेत रीतसर सुनावणी होत नाही, अधिकाऱ्याचा आदेश पुरतो. मायदेशी परतण्याची भीती वाटते असे त्या माणसाने सांगितले, तरच प्रकरण थोडे पुढे सरकते. सोबत वकील असता तर तो उठून एवढेच म्हणाला असता, ‘आमची हरकत आहे, लेखी उत्तरासाठी मुदत हवी.’ पण हरकत घेता येते हेच ज्याला ठाऊक नाही, तो ती कशी घेणार?

इमिग्रेशन कोर्टात वकिलाविना उभे राहण्याचा धोका म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर युक्तिवादात हरलेला माणूस येतो. खरी पडझड युक्तिवादाच्या कितीतरी आधी झालेली असते. सवलत कायद्यात असते, ती मिळण्याजोगी परिस्थितीही त्या माणसाची असते, फक्त ती मागायला कुणी नसते.

आधी हे कोर्ट आहे तरी काय ते पाहू. नाव कोर्ट, समोर काळा झगा घातलेले न्यायाधीश, मागे झेंडा, पण ही न्यायालये अमेरिकेच्या स्वतंत्र न्यायव्यवस्थेचा भाग नाहीत. 1983 मध्ये न्याय खात्याच्या अखत्यारीत एक कार्यालय स्थापन झाले, त्याच्या हाताखाली ती चालतात. न्यायाधीशांची नेमणूक देशाचे अॅटर्नी जनरल करतात आणि ते पद मंत्रिमंडळातले आहे. 2024 च्या अखेरीस देशभर 35 लाखांहून अधिक खटले पडून होते आणि ते ऐकायला न्यायाधीश होते साधारण सातशे. डॅना ली मार्क्स या अनेक वर्षे सॅन फ्रान्सिस्कोत इमिग्रेशन न्यायाधीश होत्या. त्यांनी केलेले वर्णन पुष्कळदा सांगितले जाते: या कोर्टांत मृत्युदंडाच्या तोडीचे खटले चालतात, पण यंत्रणा मात्र वाहतुकीचे दंड वसूल करणाऱ्या कोर्टाची. छळाला घाबरून पळून आलेल्या माणसाला परत पाठवले तर काय होऊ शकते, हे लक्षात घेतले की त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

या खटल्यात सरकारच्या बाजूने प्रशिक्षित वकील उभा असतो. समोरच्या माणसालाही वकील करण्याची मुभा कायद्याने दिली आहे, मात्र सरकारला त्याचा काही खर्च पडता कामा नये, असे त्याच कलमात लिहून ठेवले आहे. पैसे असतील तर वकील करा, नसतील तर स्वतः बोला.

फौजदारी खटल्यात तिथे असे चालत नाही. फ्लोरिडातल्या पनामा सिटीत 1961 मध्ये क्लॅरन्स अर्ल गिडियन नावाच्या गरीब माणसावर घरफोडीचा खटला चालला. त्याने वकील मागितला, मिळाला नाही. स्वतःच बाजू मांडली आणि तो तुरुंगात गेला. तिथून त्याने पेन्सिलीने लिहून सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज पाठवला. 1963 मध्ये न्यायालयाने ठरवले की गंभीर गुन्ह्याच्या आरोपीला वकील परवडत नसेल तर सरकारने द्यायचा. गिडियनचा खटला पुन्हा चालला, या वेळी वकिलाने साक्षीदारांची उलटतपासणी घेतली आणि तो निर्दोष सुटला. आरोप तेच होते, कोर्टही तेच.

मग हा नियम इमिग्रेशन कोर्टाला का लागू नाही? उत्तर 1893 मधल्या एका निकालात आहे. आदल्याच वर्षी झालेल्या गियरी कायद्याने चिनी मजुरांवर रहिवासाचा दाखला बाळगण्याची सक्ती केली होती. दाखला नसेल तर आपण आधीपासून इथेच राहतो हे सिद्ध करायला किमान एक विश्वासार्ह गोरा साक्षीदार आणायचा. न्यूयॉर्कमधल्या ज्या तीन चिनी कामगारांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, त्यांतल्या एकाकडे चिनी साक्षीदार होते, गोरा नव्हता. फाँग यू टिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या निकालात बहुमताने सांगितले की देशाबाहेर काढणे ही शिक्षा नव्हे. शिक्षा नाही म्हणजे खटला फौजदारी नाही, आणि फौजदारी नाही म्हणजे फौजदारी आरोपीला मिळणारे संरक्षणही नाही. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, इमारत त्याच पायावर उभी आहे. माझ्या मते हा पाया तेव्हाही चुकीचा होता. त्या निकालात तीन न्यायमूर्तींनी विरोधी मत नोंदवले होते, त्यांनाही तसेच वाटत होते.

मराठी वाचकाला यातली विसंगती चटकन कळेल. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यात जिवंत पकडलेल्या अजमल कसाबला आपल्या न्यायालयाने सरकारी खर्चाने वकील दिला. तेव्हा लोकांचा संताप किती होता ते मुंबईकरांना आठवत असेल. तरीही ऑगस्ट 2012 मध्ये फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने त्याच निकालपत्रात बजावले की आरोपी पहिल्यांदा समोर आला की त्याला वकिलाचा हक्क आहे हे सांगणे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. म्हणून आपल्याकडे सगळे आलबेल आहे असे नाही. आसामातल्या परकीय नागरिक न्यायाधिकरणांनी 1985 पासून फेब्रुवारी 2019 पर्यंत 63,959 जणांना एकतर्फी निकालाने परदेशी ठरवले, ही माहिती सरकारनेच लोकसभेत दिली होती. नागरिकत्वाचा प्रश्न आला की सगळीकडेच न्यायाची पट्टी आखूड होते.

वकील असण्या-नसण्याने किती फरक पडतो याचा एक मोठा अभ्यास इन्ग्रिड ईगली आणि स्टीव्हन शेफर या दोघांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केला. 2007 ते 2012 या काळातले बारा लाखांहून अधिक निकाल त्यांनी तपासले. एकूण लोकांपैकी 37 टक्क्यांकडे वकील होता. कोठडीत असलेल्यांपैकी अवघ्या 14 टक्क्यांकडे. वकील असलेल्या माणसाला देशात राहण्याची सवलत मिळण्याची शक्यता सुमारे साडेपाच पट होती. वर्तमानपत्रांत हाच आकडा जास्त गाजला, पण मला त्याच्या शेजारचा आकडा अधिक बोलका वाटतो: अशी सवलत मुळात मागण्याची शक्यता वकील असलेल्यांमध्ये पंधरा पट होती.

इथे एक रास्त शंका येते. वकील आपल्याला जिंकता येतील अशीच प्रकरणे घेतात, मग आकडे चांगले दिसणारच. शंकेत तथ्य आहे. म्हणूनच न्यूयॉर्कचा अनुभव महत्त्वाचा ठरतो. तिथल्या संघीय अपील न्यायालयाचे न्यायमूर्ती रॉबर्ट कॅट्झमन यांना समोर येणाऱ्या इमिग्रेशन अपिलांची दुरवस्था पाहवेना. 2007 पासून त्यांनी हा विषय जाहीरपणे लावून धरला. वकील, विद्यापीठे आणि स्वयंसेवी संस्था त्यातून एकत्र आल्या आणि 2013 मध्ये शहराच्या पैशातून एक योजना सुरू झाली. कोठडीत असलेल्या आणि वकील न परवडणाऱ्या माणसाला वकील द्यायचा. प्रकरण भक्कम आहे की कमकुवत, याची निवड करायची नाही. आधी अशा वकील नसलेल्या लोकांपैकी जेमतेम 4 टक्के यशस्वी होत. योजनेतल्या लोकांचे यश व्हेरा इन्स्टिट्यूट या संस्थेच्या 2017 च्या अहवालाने सुमारे 48 टक्के धरले. म्हणजे ज्यांना आपण कमकुवत समजत होतो त्यांतली पुष्कळ प्रकरणे मुळात भक्कम होती, ती मांडलीच गेली नव्हती.

मांडली न जाणे म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगते. नवऱ्याने मारहाण केली म्हणून एका बाईने दोन वर्षांपूर्वी पोलिसांना बोलावले होते आणि त्यांच्या तपासात मदत केली होती, असे धरू. आता तिचा व्हिसा संपला आहे आणि ती इमिग्रेशन कोर्टात उभी आहे. मारहाणीचा विषय ती काढणार नाही. एक तर लाज वाटते, आणि त्याचा इथे काय संबंध असेही वाटते. पण 2000 सालच्या एका कायद्याने गंभीर गुन्ह्याला बळी पडून तपासात सहकार्य केलेल्यांसाठी ‘यू व्हिसा’ ठेवला आहे. त्यात वर्षाला 10,000 चीच मर्यादा असल्याने वाट फार पाहावी लागते, तरी वाट आहे. उघड दिसणारी सवलत न्यायाधीशांनी समोरच्याला सांगावी, असा नियमही आहे. मात्र न्यायाधीशांना दिसणार ते कागदावर असेल तेवढेच. तिच्या घरात काय झाले हे विचारायला त्यांच्याजवळ दुपार मोकळी नसते. वकील पहिल्याच भेटीत हे विचारतो: कधी पोलीस केस झाली होती का, कुणी धमकावले होते का, नातेवाइकांपैकी कोण नागरिक आहे, पहिल्यांदा देशात कधी आणि कसे आलात.

आश्रयाच्या अर्जातही तेच. मायदेशी जिवाला धोका आहे एवढे सांगून भागत नाही. तो धोका वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गट या पाचांपैकी एखाद्या कारणाने आहे हे दाखवावे लागते. गावातल्या पुढाऱ्याच्या माणसांनी घर जाळले, म्हणून पळून आलेल्या माणसाला विचारले की का आलास, तर तो बहुधा म्हणतो, जगायला आलो, काम करायला आलो. त्या घर जाळण्यामागे त्याने निवडणुकीत केलेले काम होते, हे त्याच्या तोंडून येतच नाही, कारण त्याच्या लेखी ती एकच गोष्ट आहे. नोंदीत मात्र ‘कामासाठी आला’ एवढेच उमटते. पुढे त्याने राजकीय छळाची हकिकत सांगितली की सरकारचा वकील तीच नोंद पुढे करून म्हणतो, ही गोष्ट मागाहून रचलेली आहे. शिवाय देशात आल्यापासून एका वर्षात अर्ज करायचा, ही 1996 पासूनची अट. अपवाद आहेत, पण तेही मागावे लागतात. अर्ज बारा पानांचा आणि इंग्रजीत भरायचा. प्रत्येक परभाषी कागदाला इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचे प्रमाणपत्र जोडायचे. कोर्टाचा दुभाषा सुनावणीपुरता असतो, अर्ज भरून द्यायला तो येत नाही.

पहिल्या तारखेलाच आणखी एक पायरी असते, तिच्यावर भलेभले घसरतात. नोटिशीत सरकारने काही विधाने केलेली असतात: तुम्ही अमेरिकेचे नागरिक नाही, अमुक देशाचे आहात, अमुक दिवशी आलात, मुदत संपूनही राहिलात. न्यायाधीश विचारतात, हे खरे आहे का? प्रामाणिक माणूस सगळ्याला हो म्हणून मोकळा होतो. खरे तर परकीय असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी आधी सरकारची असते आणि वकील एकेक विधान तपासून उत्तर देतो. तारीख चुकीची असू शकते, आरोपाचे कलम चुकीचे असू शकते. खोटे बोलायचे नाहीच. पण न तपासता दिलेली कबुली नंतर मागे घेणे जवळपास अशक्य असते.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. इथे हा शहाणपणा घरी बसून निभावत नाही. तारखेला हजर राहिला नाही तर न्यायाधीश त्याच दिवशी एकतर्फी आदेश देऊ शकतात, आणि त्यानंतर बहुतेक सवलती दहा वर्षे मागता येत नाहीत. लोक बुडी मारतात म्हणूनच गैरहजर राहतात असा समज आहे. पण पत्ता बदलला की पाच कामाच्या दिवसांत वेगळा फॉर्म कोर्टाला द्यायचा असतो, इमिग्रेशन खात्याला कळवले तरी कोर्टाला कळत नाही, हे कितीजणांना माहीत असते? कधी घोळ सरकारचाच असतो. तारीख-वेळ नसलेल्या नोटिशी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदोष ठरवल्यावर नोटिशींवर चक्क न ठरलेल्या तारखा छापल्या जाऊ लागल्या. 31 जानेवारी 2019 ला त्यामुळे शिकागो, सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरांत कडाक्याच्या थंडीपावसात लोक कोर्टाबाहेर रांगा लावून उभे होते. आत त्यांच्या नावावर सुनावणीच नव्हती. उलटही घडते: सुनावणी अलीकडे सरकते आणि पत्र जुन्या पत्त्यावर जाते. नोटिशीवर ‘ए’ अक्षरापुढे नऊ आकडी क्रमांक असतो. तो घालून कोर्टाच्या फोनसेवेवर किंवा संकेतस्थळावर आपली तारीख दर आठवड्याला पाहणे ही साधी सवय कित्येकांना वाचवू शकते.

कोठडीत असलेल्याला हेही जमत नाही. मोठी स्थानबद्धता केंद्रे लुइझियाना, टेक्सास, जॉर्जिया अशा राज्यांत, शहरांपासून दूर आहेत. जॉर्जियातले लम्पकिन हे लहानसे गाव अटलांटापासून दोन तासांहून अधिक अंतरावर; तिथे हजारांहून अधिक लोक कोंडलेले आणि आसपास इमिग्रेशन वकील जवळपास नाहीत. न्यू जर्सीत पकडलेला माणूस आठवड्याभरात लुइझियानात असू शकतो. वकील, कुटुंब, कागदपत्रे सगळे मागे राहते. फोनला पैसे पडतात. जामिनाची सुनावणी मागता येते हे कळले, तरी त्यासाठी लागणारे भाडेपत्र, पगारपत्रके, मुलांच्या शाळेचे दाखले आतून कसे गोळा करायचे? अशा लोकांपैकी कित्येकजण शेवटी थकून, मला परत पाठवा, म्हणतात. ते प्रकरण नोंदीत ‘स्वेच्छेने’ संपल्यासारखे दिसते.

मुलांचे काय, हा प्रश्न विचारायलाही संकोच वाटतो. एकट्याने सरहद्द ओलांडलेल्या मुलांसाठी शक्य तितके वकील मिळवून द्यावेत असे 2008 चा कायदा सांगतो, पण वकील मिळेलच अशी हमी देत नाही. याविरुद्ध चाललेल्या एका दाव्यात न्याय खात्यातल्या एका ज्येष्ठ इमिग्रेशन न्यायाधीशाने शपथेवर सांगितले की त्यांनी तीन-चार वर्षांच्या मुलांनाही इमिग्रेशन कायदा शिकवला आहे. वेळ आणि धीर लागतो, पण त्यांना समजते. 2016 मध्ये ते बाहेर आल्यावर देशभर खळबळ उडाली. त्यानंतरही 2025 च्या मार्चमध्ये सरकारने सुमारे 26,000 मुलांच्या वकिलांचा खर्च भागवणारे कंत्राट रद्द केले, तेव्हा ते परत मिळवण्यासाठी न्यायालयात धाव घ्यावी लागली.

आपल्याकडच्या माणसांचा याच्याशी संबंध काय, असे वाटणाऱ्यांसाठी: 5 फेब्रुवारी 2025 ला अमृतसरला उतरलेल्या अमेरिकी लष्करी विमानातून परत पाठवलेल्या 104 भारतीयांत तिघे महाराष्ट्रातले होते. आणि एच-वन-बी व्हिसावर गेलेल्या, कायद्याच्या चौकटीत राहिलेल्या मराठी इंजिनिअरलाही आता हा प्रश्न पुरता परका नाही. नोकरी गेली की त्याला सहसा 60 दिवस मिळतात. फेब्रुवारी 2025 च्या धोरणानुसार अर्ज फेटाळला गेला आणि कायदेशीर दर्जा उरला नाही, तर कोर्टात हजर राहण्याची नोटीस निघू शकते. अशा वेळी पहिला फोन जातो तो कंपनीच्या वकिलाला. इतकी वर्षे व्हिसाचे सगळे त्यानेच पाहिलेले असते. पण ते काम इमिग्रेशन खात्यापुढचे. कोर्टासाठी वेगळे वकीलपत्र दाखल करावे लागते, कोर्टात उभे राहण्याचा अनुभव वेगळा लागतो, आणि मुळात त्याला पैसे देणारी कंपनी आता तुमची राहिलेली नसते. हा गैरसमज तारीख तोंडावर येईपर्यंत टिकला की वेळ निघून जाते. मंडळांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा सल्ला किंवा ‘फॉर्म भरून देतो’ म्हणणारा सल्लागार इथे वकिलाची जागा घेऊ शकत नाही. वकिलाखेरीज मुख्यतः न्याय खात्याने मान्यता दिलेले प्रतिनिधीच कोर्टात बाजू मांडू शकतात, आणि फुकट किंवा कमी पैशांत काम करणाऱ्या संस्थांची यादी प्रत्येक कोर्टाकडे असते. पहिल्या तारखेला वकील शोधण्यासाठी मुदत मागितली तर न्यायाधीश सहसा ती देतात. घाबरून त्याच दिवशी सगळे बोलून टाकण्यापेक्षा ही मुदत मागणे कितीतरी मोलाचे.

निकाल विरुद्ध गेला की न्यायाधीश एक शेवटचा प्रश्न विचारतात: निर्णय मान्य आहे, की अपिलाचा हक्क राखून ठेवता? तासभर इंग्रजी आणि दुभाष्याच्या मधे गुदमरलेल्या माणसाला तो शिष्टाचाराचा प्रश्न वाटतो. समोर न्यायाधीश बसलेले, त्यांना मान्य नाही असे कसे म्हणायचे? तो मान डोलावतो. ‘मान्य’ म्हटले की आदेश त्याच क्षणी अंतिम होतो आणि वरच्या अपील मंडळाकडे जाण्याचा रस्ता बंद होतो. ‘राखून ठेवतो’ म्हटले तर मोजक्या दिवसांची मुदत सुरू होते. तेवढ्यात अर्ज मंडळाच्या हाती पोहोचायला हवा, टपालात टाकल्याची तारीख तिथे धरत नाहीत.